चिडचिड कशी करावी, म्हणजे कशी व्हावी

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगून टाकलेलं बरं. बदली होऊन महाराष्ट्रात आलेले बँकेतले अधिकारी, लग्न करून मराठी घरात आलेल्या सुना आणि जावई, सुट्टीत आजोळी येणारी परदेशातली नातवंडं, आणि पुस्तकावरून मराठी शिकलेली सगळी सज्जन मंडळी. यांना 'मला राग आला आहे' हे वाक्य येतं. पण मराठी घरात हे वाक्य कोणी बोलत नाही. राग वर्षाकाठी दोन-चारदा येतो आणि आला की दिसतोच, तो सांगावा लागत नाही. रोजच्या वापरात असते ती चिडचिड. ती न शिकता इथे राहायला आलात, तर घरात काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही, आणि तुम्हाला कळत नाही म्हणून घरातले तुमच्यावर चिडचिड करतील.

जन्माने मराठी असलेल्यांना शिकवणीची गरज पडत नाही. त्यांची या शब्दाशी ओळख पाळण्यातच होते. सहाव्या महिन्याच्या आसपास हिरड्या शिवशिवायला लागतात, बाळ हाताला लागेल ते चावतं, रात्रभर कोणाला झोपू देत नाही, आणि त्याच्या डोक्यावरून वाक्य जातं, "दात येतायत ना, म्हणून चिडचिड करतोय." पुढे तेच बाळ पंच्याहत्तरीला पोचतं. कवळी टोचते, ऐकू कमी येतं, रात्री तीनला जाग येते. पुन्हा डोक्यावरून वाक्य जातं, "हल्ली फार चिडचिड करतात." दोन्ही वेळा ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो तिथेच असतो. त्याच्याशी मात्र कोणी बोलत नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी व्याकरण

शब्द स्त्रीलिंगी. ती चिडचिड, त्या चिडचिडीने, त्या चिडचिडीपायी. इथवर सोपं आहे. अवघड आहे ते क्रियापद, कारण ते पुरुषागणिक बदलतं. 'माझी चिडचिड होते.' 'तू चिडचिड करतोस.' 'तो चिडचिडा आहे.' म्हणजे प्रथमपुरुषात ही घटना असते, द्वितीयपुरुषात कृत्य, आणि तृतीयपुरुषात स्वभाव. एकच माणूस, एकच संध्याकाळ, एकच दारावरची घंटा. बोलणारा बदलला की ती आपोआप घडलेली गोष्ट गुन्हा होते, आणि माणूस खोलीबाहेर गेला की गुन्ह्याचं निदान होतं. इतकी कार्यक्षम रूपावली मराठीत दुसऱ्या भावनेला नाही.

नवशिके नेमके इथे अडखळतात. ते प्रामाणिकपणे म्हणतात, "मी आत्ता चिडचिड करत आहे." व्याकरणाच्या पुस्तकात या वाक्याला हरकत घेता येणार नाही, पण असं कबूल करणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. वर्तमानकाळात प्रथमपुरुषी 'करणे' चालत नाही. भूतकाळात चालतं, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा समोर असताना, आणि 'उगाच' हे क्रियाविशेषण लावूनच: "काल मी उगाच चिडचिड केली." 'उगाच' गाळलंत तर ती माफी होत नाही, धमकी होते.

होणे आणि येणे यांतला फरकही पाहून ठेवा. राग येतो, कंटाळा येतो, वैताग येतो, चीड येते. जे येतं ते कुठून तरी येतं आणि कधी तरी जातं. चिडचिड येत नाही, होते. मराठीत आणखी काय काय होतं? सर्दी होते, पित्त होतं, अपचन होतं, जुलाब होतात. व्याकरणाने चिडचिडीला बसवलंय ते भावनांच्या पंगतीत नव्हे, दुखण्यांच्या पंगतीत. म्हणूनच जिला ती झालीय तिला कोणी 'कोणामुळे?' असं विचारत नाही. 'पोट साफ आहे ना?' असं विचारतात.

शुद्धलेखन: 'चीड' लिहिताना ची दीर्घ, 'चिडचिड' लिहिताना दोन्ही ह्रस्व. शाळेत हे पाठ करावं लागतं, पण अर्थाच्या अंगाने पाहिलं तर पाठ करायची गरज नाही. चीड दीर्घ श्वास घेऊन यावी अशीच गोष्ट आहे. ती अन्यायाची येते, भ्रष्टाचाराची येते, व्यासपीठावर माईकसमोर येते. पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलची चीड आल्याचं कोणी भाषणात सांगत नाही. त्यासाठी ह्रस्व चिडचिड असते.

शब्द दोनदा म्हटला की त्याची ताकद दुप्पट होईल असं नवशिक्याला वाटतं. अभ्यस्त शब्दांच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं घडतं. ताकद कमी होते आणि मुदत वाढते. रडणं एका बैठकीत उरकतं, रडरड आठवडाभर चालते. चिडणं दहा मिनिटांत संपतं. चिडचिडीला आरंभ सांगता येतो, शेवट सांगता येत नाही.

व्याकरण संपवण्याआधी एक निरीक्षण. कटकट, किरकिर, कुरकुर, भुणभुण, वटवट, तणतण, धुसफूस, आदळआपट, चुळबूळ, तगमग, घालमेल: सगळ्या स्त्रीलिंगी. राग, संताप, क्रोध, उद्वेग, त्रागा, वैताग: सगळे पुल्लिंगी. चीड तेवढी दुसऱ्या गटातलं काम करून पहिल्या गटात राहते. शब्दांची लिंगं कोणी बसून ठरवलेली नसतात हे मला ठाऊक आहे. तरीही ही यादी घरातल्या कोणत्याही बाईसमोर वाचून दाखवा आणि तिचा चेहरा पाहा.

शेजारपाजारचे शब्द

एकाच गल्लीत राहणारे हे शब्द नवशिक्याला सारखेच वाटतात, म्हणून थोडक्यात. कटकट बाहेरची, चिडचिड आतली; पहिली झाली की दुसरी होते. कुरकुरीला मागणी असते, पगाराची नाहीतर भाजीत मीठ कमी असल्याची. धुसफुशीला दोन पक्ष लागतात, म्हणून ती वर्तमानपत्रात युती-आघाड्यांच्या बातम्यांत सापडते. चुळबूळ शरीराची, अध्यक्षीय भाषणाचा दुसरा तास लागला की मांडवात ऐकू येते. तगमग आणि घालमेल कवींनी उचलून नेल्या. चिडचिडीवर भावगीत असल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्राग्याला प्रेक्षक आणि प्रतिज्ञा लागते, 'आजपासून मी या घरात जेवणार नाही' अशी. वैतागाला निष्कर्ष असतो: वैतागलेला माणूस नोकरी सोडतो, फोन बंद करतो, निदान उठून गच्चीत तरी जातो. चिडचिड होणारा माणूस कुठेही जात नाही. तो तिथेच बसून रिमोटच्या बॅटऱ्या फिरवतो.

दुर्वासांचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. ते चुकीचं आहे. दुर्वासांना राग यायचा. ते शाप द्यायचे आणि चालू लागायचे. शकुंतलेच्या दारात बसून 'या आश्रमात कधी कोणी दार उघडेल तर शपथ' असं तासभर पुटपुटत ते राहिले असते, तर ती चिडचिड झाली असती आणि शाकुंतल वेगळं झालं असतं. मराठीत तापट माणसाला जमदग्नी म्हणतात, तेही रागासाठीच. चिडचिड करणाऱ्याच्या वाट्याला ऋषी येत नाही, चिडका बिब्बा येतो. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड उठतात, हे ज्याला माहीत आहे त्याला ही उपमा मुलांच्या खेळात का टिकून राहिली ते सांगावं लागणार नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव आहेत आणि तेहेतीस व्यभिचारी भाव. आळस आहे, निद्रा आहे, लाज आहे, अपस्मार आहे, अगदी मरणसुद्धा आहे. चिडचिड नाही. जवळात जवळचे म्हणावेत असे अमर्ष आणि उग्रता. पण अमर्षाला अपमान लागतो आणि उग्रतेला कोणाचा तरी अपराध लागतो. चिडचिडीला यातलं काहीच परवडत नाही. नायकाने प्रवेशभर स्वतःचा चष्मा शोधावा आणि तो स्वतःच्याच डोक्यावर सापडावा, यातून रौद्ररस निघत नाही. भरतमुनींचा निर्णय त्यांच्या जागी योग्यच होता. फक्त त्यामुळे आपलं निम्मं आयुष्य शास्त्राबाहेर राहिलं.

हंगाम आणि सामग्री

सरावासाठी उत्तम महिना ऑक्टोबर. पहिल्या पंधरवड्याच्या आसपास मोसमी वारे परततात, आभाळ मोकळं होतं, ऊन थेट पडतं, आणि जमिनीत व हवेत ओल शिल्लक असते. दमट हवेत घाम सुकत नाही, घाम सुकला नाही की अंग निवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत माणूस उन्हाळा धरूनच चालतो, माठ भरतो, पडदे ओढतो. ऑक्टोबरात मनात दिवाळीची थंडी असते आणि अंगावर मेचा घाम, म्हणून चिडचिडीला मे महिन्यापेक्षा ऑक्टोबर मानवतो. आयुर्वेदाचं गणितही इथेच येऊन पोचतं: वर्षा ऋतूत पित्त साठतं आणि शरदात त्याचा प्रकोप होतो.

हंगाम नसेल तर उपास धरा. पोट रिकामं राहिलं आणि रक्तातली साखर उतरली की ती सावरायला शरीर अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. ही दोन्ही रसायनं मूळची संकटकाळासाठीची, पण समोर वाघ नसतो, 'खिचडीत शेंगदाण्याचं कूट कमी पडलंय का गं?' असं विचारणारा नवरा असतो. इंग्रजांनी भूक आणि राग यांचा 'हँग्री' असा जोडशब्द केला आणि ऑक्सफर्डच्या कोशाने तो २०१८ साली दाखल करून घेतला. आपल्याकडे आयांनी त्याच्या कितीतरी आधीपासून निदान आणि औषध एकाच वाक्यात दिलेलं आहे: "आधी दोन घास खा, मग बोल."

चहा सोडणं हाही खात्रीचा मार्ग आहे. रोज घेणाऱ्याने एकदम थांबवला तर साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं आणि चिडचिड सुरू होते. म्हणून नव्या वर्षाच्या संकल्पांमध्ये 'चहा बंद' हा संकल्प घरच्यांना विचारून करावा. झोप मोडल्याचं वेगळं सांगायला नको. रात्री एक डास पुरतो, आणि तो कानाशी येत असेल तर चावलाच पाहिजे असंही नाही.

प्रात्यक्षिक

निमित्त निवडताना एकच पथ्य: ते तळहातावर मावेल एवढं असावं. टूथपेस्टचं झाकण, चार्जर, रिमोट, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, गाडीची किल्ली. बढती हुकली आहे, मुलाचा निकाल लागला आहे, घराच्या कर्जाचा हप्ता वाढला आहे: यांना हात लावायचा नाही. ती कारणं आहेत, आणि कारण उघड झालं की चिडचिड संपते व चर्चा सुरू होते. चर्चा हा या अभ्यासक्रमाचा भाग नाही.

पहिली पायरी आवाजाची. जिभेने टाळ्याला लावलेला 'च्च', नाकातून सोडलेला श्वास, कपाटाचं दार गरजेपेक्षा किंचित जोरात. स्वयंपाकघरात असाल तर आदळआपट स्टीलच्या भांड्यांवर करावी. ताट, पातेली, विशेषतः झाकणं. काचेला आणि चिनी मातीला हात लावू नये. काच फुटली की चिडचिडीचा राग होतो, आणि रागाला कारण द्यावं लागतं. ज्या घरात स्टीलची भांडी भिंतीवरच्या मांडणीत उभी लावतात, तिथे हा सराव किती पिढ्यांचा असेल याचा अंदाज ताटांच्या पोचांवरून बांधता येतो.

दुसरी पायरी संवादाची. हा नमुना दोघांनी मिळून मोठ्याने वाचावा.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग अशी का बोलतेयस?"

"कशी बोलतेय?"

"अगं, चिडचिड करतेयस."

"मी? मी चिडचिड करतेय? सकाळपासून एक शब्द बोलले नाहीये मी, आणि मी चिडचिड करतेय?"

नवशिक्याने पाचव्या ओळीवर बोट ठेवावं. त्या ओळीपर्यंत बाई फक्त दमलेली होती. शब्द उच्चारला गेला आणि चिडचिड जन्माला आली. शापाचे शब्द जसे उच्चारानेच खरे होतात तशी ताकद रोजच्या मराठीत या एका शब्दात उरली आहे. पुढे 'शांत हो' आणि 'पाणी पी' हे दोन उपाय सुचवण्याची प्रथा आहे. दोन्हींनी आजवर कोणी शांत झाल्याची नोंद नाही, पाणी मात्र बरंच प्यायलं गेलं.

बटण कोणाकडे आहे

इथे थोडं थांबू, कारण विषयाची मेख इथे आहे.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शहरी ताणावरचे आपले प्रयोग १९७२ साली पुस्तकात मांडले. लोकांना खोलीत बसवायचं, कामं द्यायची आणि मोठा आवाज ऐकवायचा. आवाज ठराविक वेळाने येत असला तर नंतर माणसांवर त्याचा फारसा परिणाम उरत नसे. तेवढाच आवाज केव्हाही, बेभरवशी येत असला तर आवाज थांबल्यानंतरही त्यांचं बिनसलेलं राही: मुद्रितं तपासताना चुका जास्त होत, कठीण कोडी लवकर सोडून दिली जात. मग काही जणांना एक बटण दिलं. दाबलं की आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं. त्यांनी ते दाबलं नाही. आवाज तेवढाच ऐकला. आणि तरीही नंतर त्यांची कामं बरीच बरी झाली. बटण हाताशी आहे एवढंच पुरलं.

मुंबईकराला हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी पेपरात येतो, लोक कुरकुरतात आणि उशिरा निघतात. पण सोमवारी सकाळी गाडी शीव आणि कुर्ला यांच्या मधोमध उभी राहते, पंखे बंद होतात, कोणी काही सांगत नाही, आणि मग चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या माणसाला शेजाऱ्याचा कोपर एकदम असह्य होतो. उशीर दोन्ही दिवशी तेवढाच. शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिल मशीनही असंच. ते किती वेळ चालणार हे एकदा कळलं की निम्मं सुसह्य होतं. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, पण नियमात डेसिबल असतात, 'कधी थांबणार?' याचं उत्तर नसतं.

तर चिडचिड ही बटण हातात नसलेल्या माणसाची भावना आहे. आता घरात पाहा. पंख्याचा वेग कोण ठरवतं, जेवायची वेळ कोणाच्या येण्यावर ठरते, गावी कधी जायचं, टीव्हीवर काय लागणार? ज्याच्याकडे ही बटणं असतात त्याची खरं तर चिडचिड व्हायला नको. प्रत्यक्षात ती करण्याचा परवाना त्यालाच असतो आणि त्याची झाली की तिला चांगलं नाव मिळतं. साहेब ओरडतात तेव्हा ते 'कडक' असतात, कारकून ओरडला तर 'चिडचिडा'. वडील 'टेन्शनमध्ये' असतात. मुलगी 'मूडी' असते. धुण्याभांड्याच्या मावशी बोलल्या की 'उद्धट', आणि त्यांनी एकदा भांडं आदळलं तर पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या मावशी.

उरली आई. तिच्या बाबतीत हा शब्द शुद्ध स्वरूपात वापरला जातो, आणि ती पंचेचाळिशी ओलांडून गेली की त्याला कुजबुजीची एक जोड मिळते: "वय ना ते." रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन खालीवर होतं, रात्री अंगातून वाफा निघतात, झोप तुटते आणि चिडचिड होते, हे वैद्यक सांगतं आणि ते खरं आहे. त्यासाठी डॉक्टरांकडे जावं, त्यात लाज नाही. पण गेली वीस-पंचवीस वर्षं ती ज्या ओल्या टॉवेलबद्दल सांगते आहे तो टॉवेल आजही पलंगावरच आहे. हार्मोन आत्ता बदलले. टॉवेल आधीपासून होता. 'चिडचिड' या शब्दाची खरी सोय ही आहे: तो एकदा वापरला की टॉवेल उचलावा लागत नाही.

लेखी चिडचिड

बोलण्यातली चिडचिड हवेत विरते. ती लिहून, चौकटीत घालून, दारावर लावण्याची कला पुण्याने विकसित केली. पुणेरी पाटी ही सूचना नव्हे. सूचनेत माहिती असते, पाटीत पूर्वी येऊन गेलेल्या मूर्खांचा इतिहास असतो. 'बेल एकदाच वाजवावी' या तीन शब्दांमागे किती जणांनी ती किती वेळा वाजवली असेल हे वाचणाऱ्याने ताडायचं. आणि नवशिक्याने हेही पाहावं की पाटीत कर्ता नसतो. 'मला त्रास होतो' असं तिथे लिहीत नाहीत. 'वाजवावी', 'लावू नये', 'चौकशी करू नये' असे विध्यर्थी प्रयोग असतात, म्हणजे पाटी जणू कोणी लिहिलेलीच नाही, ती दारावर झाली आहे. पुणेकर कसं व्हावं हे पु. लं.नी शिकवून ठेवलंय, त्यामुळे या विषयात अधिक खोल जात नाही.

इतर भागांत लेखनाकडे एवढा कल नाही. वऱ्हाडात माणूस 'कावतो' आणि ते सगळ्या गल्लीला कळतं. कोल्हापूरकडे 'टाळकं सरकतं', पण सरकलेलं टाळकं फार वेळ सरकलेलं राहत नाही, त्यामुळे ती चिडचिड म्हणून नापास. गोव्यात कोंकणीत 'बेजार जाता' म्हणतात. ते मूळ फारसी बेजार मराठीलाही ओळखीचं आहे, पण गोव्यात त्याच्यामागून सहसा दुपारची झोप येते, हा त्यांचा शहाणपणा. मुंबई-पुण्यातली आणि परदेशातली तरुण मुलं 'मला इरिटेट होतंय' म्हणतात. आज्यांना त्याचं वाईट वाटतं. वाटू नये. शब्द साहेबाचा घेतला तरी क्रियापद आपलंच लावलंय: होतंय. कोण करतंय ते इथेही सांगितलेलं नाही.

नवशिक्यांच्या चुका

सर्वांत मोठी चूक कारण सांगण्याची. विचारताक्षणी खरं उत्तर देणारे विद्यार्थी पहिल्याच चाचणीत बाद होतात. दुसरी चूक लवकर हसण्याची. मध्येच कोणी विनोद केला आणि हसू फुटलं तर सगळी मेहनत वाया जाते. अशा वेळी फ्रिज उघडून आत पाहत उभं राहावं. तिसरी चूक ठिकाणाची. मराठी माणूस परक्यासमोर चिडचिड करत नाही. बँकेच्या खिडकीवर, रेशनच्या रांगेत, सरकारी कार्यालयात जेवणाची सुट्टी सुरू असताना तो कमालीचा सोशिक असतो. तिथली सगळी चिडचिड तो जपून घरी आणतो. कारण घरचे ती घेतात, आणि खिडकीपलीकडचा माणूस काम अडवू शकतो. म्हणूनच बाहेरगावच्या पाहुण्याला सगळं मराठी घर गोड वाटतं. पाहुणा जाऊन लिफ्टचं दार लागेपर्यंत ते तसं असतंही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मार्गदर्शिका बाजूला ठेवावी. त्यांचं गणित सरळ असतं. भूक, झोप, दात, ताप, किंवा कोणीतरी त्यांचं म्हणणं ऐकलेलं नाही. आणि मोठ्या माणसाची चिडचिड आठवडेच्या आठवडे उतरत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो स्वभावही नसतो आणि ऑक्टोबरही नसतो. तिथे विनोद आवरून डॉक्टर गाठावा.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा: माझी चिडचिड ___. तुझी बायको चिडचिड ___. तुझी आई फार ___ आहे. (तिसरी जागा भरून झाल्यावर वही बंद करावी आणि ती घरात उघडी ठेवू नये.)

२. 'चीड', 'चिडचिड' आणि 'वैताग' योग्य ठिकाणी वापरा: रस्त्यात खड्डा लागला आणि चहाचा डबा सांडला. तोच खड्डा तिसऱ्या पावसाळ्यात लागला. तो खड्डा दोनदा बुजवल्याचं बिल मंजूर झाल्याचं कळलं. (उत्तर: अनुक्रमे चिडचिड, वैताग, चीड. तिन्ही ठिकाणी 'चिडचिड' लिहिणाऱ्यांची संख्या जास्त असते, आणि कंत्राटदाराचा भरवसा त्यांच्यावरच असतो.)

३. घरात या आठवड्यात 'चिडचिड करतेय' किंवा 'करतोय' असं ज्याच्याबद्दल म्हटलं गेलं, त्याने त्याआधी नेमकं काय सांगितलं होतं ते एका वाक्यात लिहा. लिहिता आलं नाही तर त्यालाच विचारा, पण त्याआधी पलंगावरचा टॉवेल उचलून दोरीवर घाला.

तिसऱ्या प्रश्नाला पर्याय नाही. पहिले दोन सोडले तरी चालतील. शंका असल्यास समक्ष विचाराव्यात; दुपारी १ ते ४ विचारू नयेत.